पुराचा गाळ काढायचा खर्च विम्यातून मिळतो का?

प्रश्न: चिपळूणला घर आहे, पाणी ओसरलं पण आत गुडघाभर गाळ, गाद्या कपाटं सगळी सडलीत आणि ट्रॅक्टरवाला प्रत्येक खेपेचे वेगळे पैसे मागतोय. भारत गृह रक्षा पॉलिसी आहे, हा खर्च क्लेममध्ये धरतात का?

उत्तर १: धरतात, पण क्लेमच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंतच. ३ लाखांचा क्लेम असेल तर जास्तीत जास्त ६ हजार, वरचे खिशातून. पूरवाल्या गावांसाठी ही मर्यादा फारच तोकडी आहे हो.

उत्तर २: दादा, सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा माणूस) यायच्या आधी काही फेकू नका. वासामुळे थांबणं शक्यच नसेल तर आधी कंपनीला मेल टाका, प्रत्येक खोलीचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे फोटो काढा, मगच हलवा. ट्रॅक्टरवाल्याची सही असलेली पावती घ्याच, साध्या कागदावर का होईना.

उत्तर ३: आणि पॉलिसीत इमारत कव्हर असेल तर घरातलं सामानही आपोआप येतं, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख. गाद्या कपाटांचा क्लेम त्यात टाका, बरेच लोक हे सोडून देतात. इंजिनिअरची फी लागली तर तीही क्लेमच्या ५ टक्क्यांपर्यंत वेगळी मिळते.