मामांच्या जुन्या बास गिटारचा पांढरा रंग काढायचाय, मदत हवी आहे (अर्जंट)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मामांची बास गिटार माझ्याकडे आलीये. मामा ऑर्केस्ट्रात वाजवायचे, मागच्या वर्षी गेले, मामी म्हणाल्या तू वाजवतोस तर तूच ने. तिच्यावर कोणीतरी पांढरा रंग मारलाय, गाड्यांना मारतात तसला, ठिकठिकाणी पोपडे निघालेत आणि खाली काहीतरी लालसर-काळपट दिसतंय. मला तो पांढरा रंग काढून सरळ लाकडापर्यंत जायचंय आणि नवीन पॉलिश करून घ्यायचंय. आमचा सुतार म्हणतो रिमूव्हर लावून खरवडतो, मग सीलर आणि वरून मेलामाइन, दोन दिवसांचं काम. तर १) कोणता रिमूव्हर लाकडाला चालतो २) वरचं पॉलिश मेलामाइन घेऊ की पीयू (पॉलियुरेथेन)? गणपतीत सोसायटीचा कार्यक्रम आहे, त्यात हीच गिटार वाजवायचीये, आणि सुतार रविवारी येतोय, त्यामुळे प्लीज लवकर सांगा.

ठाणे_लोकल
कुठली गिटार आहे? फोटो टाका.

वार्निशवाला
माझा फर्निचर पॉलिशचाच धंदा आहे म्हणून सांगतो. रिमूव्हर ब्रशने एकाच दिशेने लावायचा, घासायचा नाही, पंधरा-वीस मिनिटांत रंग फुगून वर येतो मग पत्र्याने उचलायचा, नंतर थिनरने पुसून एक दिवस सुकू द्यायचं. मग १८० आणि २२०चा पॉलिश पेपर, दोन हात सँडिंग सीलर, प्रत्येक हातानंतर ३२०, आणि वरून पीयू. मेलामाइन काही वर्षांनी पिवळं पडतं, पीयूला घाम लागला तरी काही होत नाही. पण हे पावसात करू नका एवढंच.

जुनी_तार
आधी सुताराला फोन करून रविवारचं काम थांबवा. मग खालील गोष्टी सांगा, त्याशिवाय कोणीही काहीही सल्ला देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. डोक्यावर (खुंट्या असतात त्या टोकाला) नाव काय आहे? नेक (गिटारची मान) बॉडीला कशी जोडलीये, स्क्रूने की चिकटवलेली? मागे धातूची प्लेट आहे का, असेल तर तिच्यावर काय लिहिलंय? पिकअप (तारांखालचं चुंबक, जे आवाज पकडतं) एक की दोन, कोणत्या आकाराचे?

कृष्णाकाठ
अहो ब्रँडने काय फरक पडतो, मला फक्त रंग काढायचाय. डोक्यावर पण पांढराच रंग आहे त्यामुळे नाव दिसत नाही. मागे चार स्क्रूंची चौकोनी प्लेट आहे, तिच्यावर इंग्रजी एफ आणि सहा आकडी नंबर, ३३ ने सुरू होतो. पिकअप मध्ये एकच, पण दोन तुकड्यांत, एक तुकडा थोडा पुढे एक थोडा मागे. फोटो घरी गेल्यावर टाकतो.

ठाणे_लोकल
अरे बापरे.

बांद्रा_बाजार
विकणार का? आहे तशी ३० हजार रोख देतो, उद्या येऊन नेतो. पांढऱ्या रंगामुळे तिला आता तशी काही किंमत राहिलेली नाहीये.

जुनी_तार
बांद्रा_बाजार, माणसाला स्वतःकडे काय आहे तेच अजून कळलेलं नाही आणि तुम्ही भाव पाडताय, हे बरोबर नाही.
कृष्णाकाठ, नीट वाचा. तुकड्यांत विभागलेला एक पिकअप, चार स्क्रू आणि एफची प्लेट, म्हणजे ही फेंडर या अमेरिकन कंपनीची प्रिसिजन बास असू शकते. प्रिसिजन आली १९५१ मध्ये, हा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासून. एफवाली प्लेट साधारण १९६५ ते १९७६. लिओ फेंडरने कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली १९६५ च्या जानेवारीत, ही प्लेट त्यानंतरची. सहा आकडी नंबर तीन लाखांच्या घरात असेल तर साधारण १९७१-७२. आता लगेच नाचू नका, कारण त्याच काळात जपानमध्ये याच्या हुबेहूब नकला बनायच्या आणि प्लेट तर आजही सुट्टी विकत मिळते. म्हणून तारा सैल करा, पिकगार्डचे (बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे) स्क्रू काढा (हाताने, ड्रिल मशीन लावू नका, जुने स्क्रू डोक्यात तुटतात) आणि आतल्या पॉटच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवर काय आकडे आहेत ते सांगा. आणि खालचा तो 'लालसर-काळपट' रंग म्हणजे बहुधा ओरिजिनल सनबर्स्ट (कडेला गडद, मध्ये फिका असा रंग) आहे. तो लाकडापर्यंत खरवडलात तर परत येणार नाही. ओरिजिनल फिनिश गेलेल्या जुन्या गिटारची किंमत साधारण निम्म्यावर येते असं या बाजारातले लोक धरतात. पण किंमत बाजूला ठेवा, मामांच्या हाताखालचा रंग तो आहे, पांढरा नंतरचा.

वार्निशवाला
मला गिटारचं माहीत नव्हतं, खाली जुनं काम असेल तर रिमूव्हर नकोच. पण मग पांढरा काढणार कसा? रिमूव्हर काही वरचा आणि खालचा असा भेद करत नाही.

नाशिक_ढोल
माझ्या अकॉस्टिक गिटारचा ब्रिज उचकटलाय, फेविकॉल चालेल का? वेगळा धागा काढायला नको म्हणून इथेच विचारतो.

फ्रेटलेस_फक्त
कृष्णाकाठ, माझं ऐका, रंगाबिंगाच्या नादी लागू नका. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) उपटून काढा, खाचा लाकडाच्या पुट्टीने भरा आणि वरून बोटींना लावतात तो इपॉक्सी ओता. जॅको पास्टोरियस या नामांकित बासवादकाने स्वतःच्या १९६२ च्या फेंडर जॅझ बासचं हेच केलं होतं आणि त्या आवाजाने बास वाजवण्याची पद्धतच बदलली. मी माझ्या दोन गिटारींचं केलंय, मराठी भावगीतात फ्रेटलेस (बिनफ्रेटची) बास जो मींड देतो ना तो फ्रेटवाल्या बासला कधीच जमणार नाही.

जुनी_तार
जॅकोची गिटार तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षं जुनी होती. ही पन्नास वर्षांची आहे. फ्रेटलेस हवी तर नवीन स्वस्त नेक घेऊन त्यावर करा, या नेकला हात लावू नका.

फ्रेटलेस_फक्त
वाद्य वाजवण्यासाठी असतं, कपाटात ठेवायला नाही.

ठाणे_लोकल
वाजवूच नका असं कोणी म्हणालेलं नाहीये. फ्रेट असताना पण वाजते ती. फोटो कुठेत?

कृष्णाकाठ
पिकगार्ड काढलं. दोन पॉट आहेत, एकाच्या पाठीवर १३७७१३८ असं दिसतंय, दुसऱ्यावर सोल्डर सांडलंय. पिकगार्डच्या खाली पांढरा रंग नाहीच! तिथे सनबर्स्ट एकदम चकचकीत, कडेला काळा, मग लाल, मध्ये पिवळा. माझा विचार आता बदललाय, लाकडापर्यंत जायचं नाही, तो सनबर्स्टच बाहेर काढायचाय. सुताराला नको म्हणून सांगितलंय. आता डोक्यावरचा पांढरा थिनरने पुसून आधी नाव बघू का? घरात थिनर आहे.

जुनी_तार
नाही!! डोक्याला थिनर अजिबात लावू नका. १९६८ पासून फेंडरने बॉडीला जाड पॉलिएस्टर लावायला सुरुवात केली, ते थिनरला बऱ्यापैकी दाद देत नाही. पण डोक्याच्या पुढच्या भागावर पुढेही बरीच वर्षं नायट्रोसेल्युलोज लॅकरच असायचं, कारण पॉलिएस्टरचं आणि नावाच्या डिकॅलचं (स्टिकरचं) जमत नव्हतं. म्हणजे थिनर लावलात तर पांढऱ्याबरोबर लॅकर जाईल, आणि लॅकरबरोबर नाव. डोकं सगळ्यात शेवटी.
१३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७१ म्हणजे १९७१, ३८ म्हणजे ३८ वा आठवडा. पॉट आधी बनतो, गिटार नंतर, त्यामुळे ७१ ची अखेर किंवा ७२. नंबरशी जुळतंय. नेक काढाल तेव्हा तिच्या टाचेवर शिक्का आहे का बघा.
आता टेस्ट. पिकगार्डखाली झाकला जाणारा एक कोपरा निवडा, कापसाच्या काडीवर अ‍ॅसिटोन घ्या आणि अर्धा मिनिट नुसतं टेकवा. सनबर्स्ट चिकट झाला तर तिथेच थांबा. नाही झाला तर पांढऱ्या पोपड्याजवळ तसंच करा आणि काय होतं ते कळवा. प्लॅस्टिकला मात्र लावू नका, पिकगार्ड आणि पिकअपची कव्हरं विरघळतील.

न्यूजर्सीचा_मिलिंदनगरी
इथे अमेरिकेत मिथिलीन क्लोराइडवाले रंग काढायचे रिमूव्हर २०१९ पासून घरगुती वापरासाठी विकायला बंदी आहे, बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं गेलीयेत. भारतात हार्डवेअरच्या दुकानात अजून सहज मिळतो म्हणून सांगतो, पुढे कुठल्याही कामाला वापरलात तरी गच्चीवरच वापरा आणि नीट हातमोजे घाला.

दादर_कोरस
ऑर्केस्ट्रा वाचून राहवलं नाही. मी ऐंशीच्या दशकात कोरसमध्ये गायचो. आमच्याकडे बाकी सगळ्या वाद्यांना पाट्या आणि पडदे एकाच रंगाचे असायचे, त्यामुळे गिटारी पण रंगवल्या जायच्या, तुमच्या मामांच्या गिटारचं तसंच झालं असणार. आणि इम्पोर्टेड बास त्या काळात मुंबईत किती जणांकडे होती हो. रेकॉर्डिंगवाल्यांकडे असायची, पंचमदांकडे टोनी वाझ बास वाजवायचे, चरणजित सिंग बासही वाजवायचे. आम्ही स्टुडिओच्या दाराबाहेर उभं राहून नुसतं ऐकायचो. मामा कुठल्या ऑर्केस्ट्रात होते?

कृष्णाकाठ
दादर_कोरस काका, ते मामींना विचारून सांगतो, गिरगावातला होता एवढं माहीतेय.
टेस्ट केली. सनबर्स्टला काहीच झालं नाही, बोट फिरवलं तरी टणक. पांढरा मात्र लगेच कापसावर उतरला. म्हणजे आता सगळ्या बॉडीवर अ‍ॅसिटोन ओतू का?

वार्निशवाला
ओतू नका. पांढरा पातळ होऊन जिथे सनबर्स्टला चिरा आहेत तिथे आत शिरेल आणि मग तो आयुष्यात निघणार नाही. माझा पर्याय सांगतो, ब्लेडचा. नवीन ब्लेड घ्यायची, दोन्ही टोकांना चिकटपट्टीचा एकेक थर लावायचा म्हणजे कोपरे रुतत नाहीत, आणि उभी धरून स्वतःकडे हलक्या हाताने ओढायची. पांढरा भुशासारखा निघतो. आम्ही जुन्या सागवानी कपाटांवरचा ऑइलपेंट असाच काढतो, खालचं पॉलिश तसंच राहतं.

जुनी_तार
वार्निशवाल्यांशी शंभर टक्के सहमत, हीच पद्धत. थोडा पांढरा शिल्लक राहील तो साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या १५०० च्या वॉटर पेपरने, मग २०००, मग रबिंग कंपाउंड. कडांना वॉटर पेपर लावूच नका, तिथे थर पातळ असतो, आणि स्क्रूच्या भोकांत पाणी जाऊ देऊ नका. चिकट मळासाठी लायटरमध्ये भरतात ते फ्ल्युइड. ज्या जागी ओरिजिनलच उडालंय तिथे लाकूड दिसू दे, त्यावर काही लावू नका.

लाकूड_श्वास
पण पॉलिएस्टरखाली लाकूड श्वास घेत नाही, टोन मरतो. मी असतो तर सगळं काढून पातळ नायट्रो लॅकर मारला असता. जुन्या पन्नास-साठच्या गिटारींचा आवाज त्यामुळेच आहे.

जुनी_तार
याच कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या पॉलिएस्टरवाल्या बास जगभर रेकॉर्डिंगला वाजतायत. सॉलिड बॉडीत तार हलते आणि पिकअपचं चुंबक ते पकडतं, आवाज ठरतो तो तारा, पिकअप आणि वाजवणाऱ्याच्या बोटांनी. फिनिशचा फरक पडला तरी तो ऑर्केस्ट्रात ढोलकीच्या मागे बसलेल्या कोणाला ऐकू येणार नाही.

लाकूड_श्वास
तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तो नाही असं होत नाही.

वार्निशवाला
टोनचं मला कळत नाही पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आत्ता जुलैत मारला तर हवेतली ओल आत अडकून पांढरा धुरकट होईल एवढं नक्की. रिटार्डर थिनर टाकून थोडं सावरता येतं, पण कोकण-मुंबईच्या पावसात मी स्वतः गिऱ्हाइकाचं काम घेत नाही. दिवाळीनंतर या.

नाशिक_ढोल
ब्रिजचं कोणी सांगेल का?

ठाणे_लोकल
ढोल, फेविकॉलने वरवर चिकटेल पण जुना सरस पूर्ण काढून, क्लॅम्प लावून केलं नाही तर तारांच्या ताणाने परत उचकटेल. वेगळा धागा काढा, फोटोसकट.

कृष्णाकाठ
मागची बाजू ब्लेडने अर्धी साफ झाली, खालून आलेला रंग बघून मामींना रडू आलं. वार्निशवाला आणि जुनी_तार, तुमचे फार आभार. पण आता वेगळीच अडचण आहे. बाराव्या फ्रेटपाशी तारा बोटभर वर आहेत, दाबताना बोटं दुखतात. आणि अ‍ॅम्पला लावली की सतत गुणगुण येते. गणपतीला थोडेच दिवस राहिलेत. ब्रिजचे स्क्रू खाली करू का?

जुनी_तार
हे आधी सांगायला हवं होतं, रंगापेक्षा हे महत्त्वाचं आहे.
तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते का?

कृष्णाकाठ
नाही, तारांना हात लावून काहीच फरक नाही. केबल जिथे घुसते त्या धातूच्या रिंगला हात लावला की कमी होते.

जुनी_तार
म्हणजे ब्रिजखाली जाणारी अर्थची वायर तुटलीये किंवा ब्रिजच्या बुडाला पांढरा रंग लागून संपर्क गेलाय. ब्रिज उचला, बूड आणि वायरचं टोक स्वच्छ करा, वायर पॉटच्या पाठीला जोडलेली आहे का बघा. पॉट खरखरत असतील तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनर मिळतो तो मारा, गंजाचं तेल नको. ओरिजिनल पॉट बदलू नका.
तारांचं: ब्रिजला हात लावायच्या आधी नेक सरळ आहे का बघा. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबा, सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते बघा. साधारण ०.३ मिमी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, ती सरळ ठेवणारी लोखंडी कांब) आवळायला लागेल, आणि या गिटारींत तो नट नेकच्या टाचेला असतो, म्हणजे नेक काढल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर पोचत नाही. तारा सैल करा, नेक काढा, पाव फेरा द्या, परत लावा, सुरात आणा, रात्रभर ठेवा, मग परत मोजा. एका बैठकीत पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. कडक लागला तर जोर लावू नका, एखाद्या चांगल्या गिटार दुरुस्तीवाल्याकडे न्या, आणि 'फिनिश करू नका, फक्त सेटअप' असं लिहून द्या.

फ्रेटलेस_फक्त
फ्रेट नसते तर ही कटकटच नसती.

ठाणे_लोकल
फ्रेटलेसला पण नेक वाकते हो.

कृष्णाकाठ
ब्रिजखाली खरंच पांढऱ्या रंगाचा थर होता, खरवडून वायर बसवली, गुणगुण गेली. टाचेवर शिक्का आहे, अंधुक आहे पण शेवटी ७१ वाचता येतंय. पाव फेरा दिलाय. डोकं पांढरंच ठेवलंय, गणपती झाल्यावर माहितगाराकडे नेईन. आता तारा कुठल्या घेऊ? आहेत त्या गंजून काळ्या झाल्यात.

जुनी_तार
जुन्या हिंदी-मराठी गाण्यांसाठी फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा घ्या, ४५ ते १०५ चा सेट. ३४ इंची स्केल आहे म्हणून पाकिटावर लाँग स्केल लिहिलेलं बघा. नवीन तारांचा ताण वेगळा असेल, त्यामुळे चढवल्यावर नेक परत मोजा आणि मगच ब्रिजचे स्क्रू फिरवा.

दादर_कोरस
आणि मामींना विचारा हो ऑर्केस्ट्राचं नाव, गिरगावातला असेल तर मी त्यांच्याबरोबर गायलो असण्याची शक्यता आहे.