लिनिअरायझेशनला मराठीत काय म्हणायचं?

अनुस्वार: सध्या ग्रॅमॅटिकल फ्रेमवर्क उर्फ जीएफवर काम चालू आहे. आर्ने रान्ता यांनी १९९८ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या झेरॉक्स रिसर्च सेंटरमध्ये सुरू केलेलं, भाषांचं व्याकरण कॉम्प्युटरसाठी लिहायचं टूल. यात ॲबस्ट्रॅक्ट ग्रामर एकच, म्हणजे नुसता अर्थ, आणि दर भाषेला वेगळं काँक्रीट ग्रामर. अर्थाच्या ट्रीवरून, म्हणजे झाडासारख्या फांद्यांच्या मांडणीवरून, वाक्य काढायच्या पायरीला लिनिअरायझेशन म्हणतात. टीमसाठी मराठीत नोट्स लिहितोय, शब्द सुचवा. 'रेषीयकरण' नको, गणिताचा पेपर वाटतो.

बोका: वाक्यनिर्मिती. विषय संपला.

अनुस्वार: निर्मिती आधीच जनरेशनला देऊन बसलोय रे.

मावळतीकर: 'रूपसिद्धी' घ्या की. प्रत्यय लागून रूप कसं तयार होतं याला संस्कृतवाले तेच म्हणतात, आणि मराठीत खरी मारामारी तिथेच आहे. हिंदीत 'पुणे में' चालतं म्हणून लोक तेच टेम्प्लेट उचलतात आणि 'पुणे मध्ये' असं छापून मोकळे होतात, आपल्याकडे पुण्यात, धुळ्यात, सांगलीत, म्हणजे आधी सामान्यरूप मग प्रत्यय, वर क्रियापद कर्माच्या लिंगाने फिरतं ते वेगळंच, तिने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. रिकामी जागा भरून हे होणारे का?

अनुस्वार: नाहीच होत. जीएफमध्ये नामाचं टेबलच देता येतं, घोडा, घोडे, घोड्या-, घोड्यां-, आणि सोबत लिंग. क्रियापद ते लिंग बघून स्वतःचं रूप निवडतं. पण रूपसिद्धी एका शब्दाची झाली हो, इथे शब्दांचा क्रमपण ठरतो.

मावळतीकर: मग वाक्यसिद्धी.

बोका: कुठल्यातरी बाबाच्या मठात मिळते असं वाटतंय 😀 आणि उलटं, वाक्यावरून अर्थाकडे जायला, म्हणजे पार्सिंगला काय? ग्रामर तेच ना?

अनुस्वार: तेच, एकदा लिहिलं की दोन्हीकडून चालतं. पार्सिंगला शाळेतलं वाक्यपृथक्करण आहेच, सगळ्यांनी मार्कांसाठी केलेलं. वाक्यसिद्धी त्याच्याशेजारी बरं दिसतंय, ठेवतो.

शेवंता: ते ठेवा, पण नाशिकचं काय करणार? नाशकात की नाशिकमध्ये? आमच्याकडे दोन्ही बोलतात.

अनुस्वार: ताई, व्हेरिअंट्स म्हणून दोन्ही टाकता येतात, वाक्य वाचताना दोन्ही ओळखेल, काढताना मात्र पहिलं लिहिलेलं काढेल. मी नाशकात पहिलं टाकतोय.

बोका: पुणेकर दिसत नाही हा माणूस.