टीबीच्या गोळ्या चालू असताना गुळवेलीचा काढा: द्यावा की नको?

माहीमची_सून: धाकट्या जावेला टीबीची औषधं चालू आहेत. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) वाढलंय, डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलंय. तेवढ्यात सासूबाईंनी दादर मार्केटातून गुळवेल आणली. ठेचून, उकळून रोज अर्धी वाटी पाजतात. माझं मत, हे बंद व्हावं. 2020 च्या शेवटी मुंबईतच गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं इथल्याच डॉक्टरांनी 2021 मध्ये छापलं होतं.

निंबोणी: असहमत. ते सहा जण सगळ्यांना पाठ, आयुष मंत्रालयाचं उत्तर कुणालाच नाही. पेशंटनी घेतलेली वनस्पती तपासलीच नव्हती, ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जात असू शकते, असं त्यांचं म्हणणं. शिवाय गुजरातेत टीबीच्या पेशंटना गोळ्यांबरोबर हळद-गुळवेल दिली, तर यकृताचा त्रास बराच कमी झाला. 2008 सालचा पेपर आहे.

परळचा_पोरगा: निंबोणीताई, तुमचा मुद्दा तुमच्यावरच उलटतोय. पाट्यावरच्या जुडीत नक्की कुठली वेल आहे हे सासूबाईंना कोण सांगणार? आणि गुजरातेत ठरलेल्या मात्रेत तयार अर्क होता, अंदाजपंचे अर्धी वाटी नव्हे.

लॅबवाली: 'यकृतरक्षक' हा शिक्का कसा बसतो तेही बघा. भुईआवळा असो की कुटकी, यकृतासाठीच्या अशा वनस्पतींच्या बऱ्याच प्रयोगांत उंदरांना आधी काही दिवस अर्क पाजतात, मग पॅरासिटामॉलचा जबर डोस देतात. एसजीपीटी कमी चढलं की झालं. घरात मात्र रिपोर्ट बिघडल्यावर काढा सुरू होतो. पॅरासिटामॉल खरंच जास्त पोटात गेलं तर हॉस्पिटलात त्यावरचा उतारा म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीनच देतात.

निंबोणी: अहो, पण टीबीत गोळ्या कधी सुरू होणार हे आधीच माहीत असतं! अर्क पहिल्या दिवसापासून देता येतो. आणि आयसोनियाझिड या टीबीच्या गोळीने यकृत बिघडलं तर तुमच्याकडे तरी काय आहे? थांबा आणि बघा, एवढंच.

लॅबवाली: हो, एवढंच आहे, पण त्याला शिस्त आहे. मळमळ-उलटी किंवा कावीळ असेल तर एसजीपीटी नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट, त्रास नसेल तर पाचपट झाल्यावर गोळ्या थांबवतात. आकडा उतरला की रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड ही टीबीची औषधं एकेक करून परत सुरू करतात, म्हणजे गुन्हेगार सापडतो. मधे काढा असेल तर आकडा कशाने हलला, कसं कळणार?

गिरगावचा_गण्या: अवांतर: आमच्या ऑफिसात शनिवारी 'बसायच्या' आधी लिव्हरची गोळी घेणारे महाभाग आहेत. तेही पहिल्या दिवसापासूनच घेतात!

माहीमची_सून: 😀 पण इथे गंमत नाही. जावेने काढ्याचं डॉक्टरांना सांगितलेलंच नाही, ओरडतील म्हणून.

निंबोणी: हे मात्र चुकलं. आमचे वैद्यही पहिलं हेच विचारतात, दुसरं काय चालू आहे. आजच सांगा. पण रिपोर्ट यायच्या आत गुळवेलीला फाशी देऊ नका.

परळचा_पोरगा: फाशी नको, सुट्टी द्या. काढा आजपासून बंद, गोळ्यांचं डॉक्टर ठरवतील. मनाने एकही सोडू नका. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता लगेच घेऊन जा.