उत्तर थायलंड : ठरवलेला बेत मोडून वेगळंच फिरलात? तुमचे अनुभव लिहा

मुलांच्या परीक्षा संपल्या की मार्चअखेर चिआंग माई, असं आमचं पक्कं होतं. तिकडे राहून आलेली मैत्रीण फोनवर म्हणाली, "अगं, मार्चमध्ये डोंगरच दिसत नाहीत!" फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे शेतातली धसकटं आणि जंगलातला पाचोळा पेटतो. गाव डोंगरांच्या खोलगटात, वारा पडलेला, मग धूर तसाच साचून राहतो. आमच्या धाकट्याला दम्याचा त्रास. तिकिटांचे थोडे पैसे सोडले आणि सगळं दिवाळीनंतर ढकललं. डिसेंबरातलं ते स्वच्छ आकाश पाहिल्यावर पैशांची हळहळ उरली नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी मार्चचा विचारच करू नये, असं माझं ठाम मत आहे.

गाडीने, सायकलने तिकडे हिंडताना तुमचा बेत कशामुळे बदलला आणि मग काय पाहायला मिळालं, ते सविस्तर लिहा. हॉटेलांच्या याद्या नकोत, रस्ते सांगा.

नाशिकहून, कुटुंबासह गाडीने

चिआंग माईहून आधी पाय नावाचं गाव, मग मे होंग सोन, या क्रमाने बरेच जण जातात. आमचंही तसंच ठरलं होतं. पण १०९५ नंबरच्या त्या रस्त्याला पायपर्यंतच ७६२ वळणं आहेत आणि सासूबाईंना घाटात गाडी लागते. म्हणून निघायच्या आदल्या रात्री फेरीची दिशाच फिरवली. १०८ नंबरच्या रस्त्याने आधी दक्षिणेला, वाटेत दोई इंथानोन (२५६५ मीटर, देशातलं सर्वांत उंच शिखर, सकाळी स्वेटरशिवाय उभं राहवत नाही), मग मे सारिआंग. युआम नदीकाठचं हे गाव आमच्या यादीत नव्हतंच. संध्याकाळी नदीवर कुणाचीही घाई नव्हती, आईंना ते इतकं आवडलं की मुक्काम वाढवला.

पुढे खुन युआमजवळच्या डोंगरावर नोव्हेंबरात रानसूर्यफुलं फुलतात. अख्खे उतार पिवळे. पायच्या वाटेने आधी गेलो असतो तर तोवर परतीची ओढ लागली असती आणि हे राहूनच गेलं असतं.

वाटेत बायका निखाऱ्यावर बांबूच्या नळ्या लावून बसलेल्या दिसतील. आत चिकट तांदूळ, नारळाचं दूध, काळे दाणे. बाहेरची जळकी साल त्या आधीच तासून ठेवतात. उरलेली पातळ साल आपण केळ्यासारखी पट्ट्यापट्ट्यांनी सोलायची. भाताला बांबूचा आतला पापुद्रा चिकटून येतो आणि त्याचा वास लागतो. आईंनी पुढचे सगळे दिवस न्याहारीला हेच मागितलं.

पाय ते चिआंग माई ही वळणं शेवटी आलीच. ती सकाळी हलकं खाऊन, थांबत थांबत केली. उतारावर ऑटोमॅटिक गाडी खालच्या गिअरमध्ये टाका, नुसत्या ब्रेकवर राहू नका.

ठाण्याहून, सायकलवर

सामोएंगची शंभरेक किलोमीटरची डोंगरी फेरी हे आमचं स्वप्न होतं. पहिल्याच सरावात, दोई सुथेपच्या चढावर, मित्राचा गुडघा सुजला. चिआंग माईच्या प्राणिसंग्रहालयापासून डोंगरावरच्या देवळापर्यंत अकराएक किलोमीटर चढच चढ आहे. त्याला खोलीवर सोडून एकट्याने सामोएंगला जाणं मला जमलं नसतं. मग दोघांनी सपाटीचा रस्ता धरला: जुना १०६ नंबर, साराफीवरून लांफुन.

सायकलवाल्यांनो, हा रस्ता चुकवू नका. दोन्ही बाजूंना यांग झाडांचे सरळसोट बुंधे, दोघांच्या कवेत न मावणारे, आणि त्यांना गुंडाळलेली भगवी वस्त्रं. भिक्षूंनी दीक्षा दिलेल्या झाडावर कुऱ्हाड कोण उचलणार? लांफुनची हद्द आली की यांग संपतात आणि काशीद सुरू होतात, आपल्याकडे हायवेला लावतात तोच काशीद. सव्वीसेक किलोमीटर, जवळपास सगळं सपाट. लांफुनला हरिपुंजय मंदिराचा सोनेरी स्तूप पाहून, नूडल्स खाऊन ऊन कलल्यावर परत. मित्राचा गुडघा कुरकुरला नाही. गल्ल्यांतले कुत्रे मात्र मागे लागतात. उतरून सायकल मध्ये धरून चाललं की बहुतेक गप्प होतात.

बंगळुरूहून

सप्टेंबर २०२४. यागी वादळाच्या पावसाने मे साई आणि चिआंग राय पाण्याखाली गेलं, तेव्हा आमची गाडी चिआंग रायसाठीच ठरलेली. लोक घरातला चिखल फावड्याने उपसत असताना तिथे फिरायला जाणं मनाला पटेना. दक्षिणेला वळून लांपांगला गेलो. घोड्यांचे टांगे अजून चालतात तिथे. गावाबाहेरच्या लांपांग लुआंग मंदिराचा चारी बाजूंनी मोकळा लाकडी सभामंडप तासभर बसून पाहिला. चिआंग राय पुढच्या हिवाळ्यात केलं, मे सालोंगच्या चहाच्या मळ्यांसकट. तेव्हा दुकानं पुन्हा उघडलेली पाहून फार बरं वाटलं.

शाकाहाऱ्यांसाठी, अहिल्यानगरहून (पूर्वीचं अहमदनगर)

पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात "जे" लिहिलेलं दुकान शोधा. मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आमच्या जैन मित्रांचीही सोय झाली. इतरत्र भाजी मागितली तरी फिश सॉस पडतो. "माई साई नाम प्ला" (फिश सॉस घालू नका) एवढं पाठ करा.

तिकडे गाडी चालवायला कोणता परवाना लागतो, असं विचारणाऱ्यांना

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे, त्यामुळे हात लवकर बसतो. आंतरराष्ट्रीय परवाना मात्र निघण्याआधी आरटीओतून काढा. तो वर्षभर चालतो, पण मूळ परवानाही जवळ लागतो. स्कूटर घेणार असाल तर दुचाकीची नोंद त्यात आहे ना, ते पाहा. नसेल तर अपघातात विमा हात वर करू शकतो. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचा व्हिडिओ काढा. आणि अनामत म्हणून मूळ पासपोर्ट मागणाऱ्याकडून गाडी घेऊ नका, रोख अनामत घेणारे पुष्कळ आहेत.