पळसाचा फोटो: लॅब मोड की आरजीबीचे चॅनल?

रानवाट
राजेहो, फाल्गुनातल्या पळसाचे निम्मे फोटो नुसता केशरी गोळा दिसतात. मग लोक सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) वाढवतात आणि उरलंसुरलंही घालवतात. माझं म्हणणं, असा फोटो फोटोशॉपात लॅब मोडमध्येच न्यावा, म्हणजे उजेड आणि रंग वेगवेगळ्या चॅनलात (थरांत) सुटे होतात. तिथं उजेड 'एल' चॅनलमध्ये, हिरवा-किरमिजी 'ए'मध्ये, निळा-पिवळा 'बी'मध्ये. 16 बिट ठेवा (रंगाच्या पायऱ्या बारीक), आठ बिटात आभाळाला पट्टे पडतात. कर्व्हमध्ये (उजेड-रंग कमीजास्त करायची रेघ) ए आणि बीची दोन्ही टोकं साधारण 10 टक्के आत ओढा. रेघ मधल्या बिंदूतूनच जाऊ द्या, नाहीतर अख्ख्या फोटोवर रंगाची झाक येते. फुलाच्या बुडाची काळपट मखमल केशरी पाकळीपासून लगेच सुटी होते. शार्पन फक्त एलला, म्हणजे कडांना रंगीत किनार येत नाही.

झाडीपट्टी
रंग सुटे होतील, पण पाकळीच्या शिरा कुठून येतील? आरजीबीचे, म्हणजे लाल (रेड), हिरवा (ग्रीन), निळा (ब्लू), तिन्ही चॅनल एकेक उघडून पाहा. रेडमध्ये पाकळी 255 ला, म्हणजे कमाल आकड्याला टेकलेली, पांढरी सपाट. ब्लू जवळपास काळा आणि दाणेदार. शिरा, घडी, सावली सगळं ग्रीनमध्ये. लेयरची कॉपी काढा, अप्लाय इमेजमधून ग्रीन चॅनल त्यावर घ्या, लेयर ल्युमिनॉसिटी मोडला (फक्त उजेड बदलतो, रंग नाही), ओपॅसिटी 30-40 टक्के. पन्नासच्या वर गेलात की फूल विटेसारखं दिसतं. मास्क लावून हे फुलांपुरतंच ठेवा.

रानवाट
एलमध्ये ग्रीनच तर जास्त असतो भाऊ! एसआरजीबीत (नेहमीच्या फोटोंचा रंगपट्टा) उजेडाचा सुमारे 72 टक्के वाटा हिरव्याचा, 21 लालचा, 7 निळ्याचा. एलचा कर्व्ह पाकळीच्या टप्प्यात उभा केला की झालं.

झाडीपट्टी
करड्या दगडाला ते लागू. पळसात रेड 255 आणि ग्रीन 80 धरा. गॅमा (आकड्यांना दिलेला उजेडाचा वाक) काढून हिशेब केला तर एलमध्ये लालचा वाटा हिरव्याच्या साडेतीन पटींहून जास्त निघतो. म्हणजे पोत आहे, पण सपाट लालात पाणी घातल्यासारखा पातळ. कर्व्ह उभा करून तो जरा वाढेल, पण मागच्या वाळल्या गवताचा कॉन्ट्रास्टही सोबत वाढेल. शार्पनिंगचं मात्र तुमचं शंभर टक्के मान्य.

तुरीचं शेत
दोघंही नंतरची मलमपट्टी सांगताय जी. कॅमेऱ्याचा पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सगळं ठीक दाखवतो, तेव्हाच लाल फुटलेला, म्हणजे कमाल आकड्याला टेकून सपाट झालेला असतो. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली. रंग भडक करणारं व्हिव्हिड प्रोफाइल बंद. अॅडोबी आरजीबी हा दुसरा रंगपट्टा निवडून लाल वाचत नाही, त्याचं आणि एसआरजीबीचं लाल टोक एकच आहे. रॉ मात्र प्रोफोटोत (फार मोठा रंगपट्टा) 16 बिटवर उघडा, मग लाल फुटत नाही.

झाडीपट्टी
हे आधी करावं, वादच नाही. पण जेपेग हातात आला, रेड सपाट आहे, तर ग्रीनशिवाय पोत दुसरीकडे नाही.

तुरीचं शेत
आणि छपाईच्या लॅबला देताना एसआरजीबीत कन्व्हर्ट करा, असाइन नाही. असाइनमध्ये आकडे तेच राहतात, त्यांचा अर्थ बदलतो. प्रोफोटोतला पळस नुसता एसआरजीबी असाइन केला तर मळकट छापून येतो.