मुंबईत कॉस्टकोसारखं काही आहे का?

प्रेषक: पवईकर (माजी एडिसनकर)

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या आपल्या एडिसनच्या मंडळाची वर्गणी आता भरत नाही, तरी मेलच्या यादीतून नाव काढलं नाहीत याबद्दल आधी आभार. पवईत बिऱ्हाड लागलंय. मुलांची शाळा सुरू झाली, गॅस मिळाला, कामाला बाई मिळाल्या. घोडं अडलंय ते वाणसामानावर. एडिसनला शनिवारी कॉस्टकोची (वर्गणी भरून घाऊक भावात माल देणारं दुकान) एक फेरी मारली की पंधरवडाभर बघायला नको. इथे अर्धी खरेदी दहा मिनिटांत दारात येणाऱ्या ॲपवरून होते. आज अर्धा किलो तूरडाळ, उद्या पोहे, परवा भांड्यांचा साबण. महिनाअखेरीस सगळ्याची बेरीज केली की डोळे पांढरे होतात.

यादीतले बरेच जण परत आलेत, काहींचे आईवडील इथे आहेत, म्हणून विचारतो. सभासद होऊन घाऊक भावात घरचं सामान मिळेल अशी जागा मुंबईत आहे का? डीमार्ट माहीत आहे, त्यापलीकडचं सांगा.

आणि हो, पुढच्या महिन्यात धाकटा भाऊ एडिसनहून येतोय. बॅगेत जागा आहे म्हणतो. कॉस्टकोतून काय मागवावं?

---

प्रेषक: ठाणेकर

पवईकर,

कॉस्टकोचं दुकान भारतात नाही. कारण कळलं की बाकीचा बाजारही कळतो, म्हणून जरा पाल्हाळ लावतो. परकीय कंपनीला इथे घाऊक व्यापारात शंभर टक्के मालकी ठेवता येते. पण निरनिराळ्या ब्रँडचा माल थेट तुमच्याआमच्यासारख्या घरगुती गिऱ्हाइकाला विकायचा म्हटलं की ५१ टक्क्यांची मर्यादा, वर राज्य सरकारची परवानगी. म्हणून जर्मनीची मेट्रो ही कंपनी २००३ मध्ये आली ती 'कॅश अँड कॅरी' म्हणून. गिऱ्हाईक कोण, तर किराणा दुकानदार, हॉटेलवाले, केटरर. कार्ड धंद्याच्या नोंदणीवर मिळायचं, आणि कित्येक नोकरदार मंडळी मेहुण्याच्या स्टेशनरीच्या दुकानाच्या कार्डावर आत जायची. २०२३ मध्ये तो सगळा पसारा रिलायन्सने २,८५० कोटींना घेतला. जायचं असेल तर प्रवेशाचे सध्याचे नियम आधी फोनवर विचारून घ्या.

डीमार्टला मात्र कमी लेखू नका. त्यांचं पहिलं दुकान तुमच्या पवईतच निघालं, २००२ साली. वर्गणी नसली तरी हिशेब कॉस्टकोच्याच वळणाचा आहे. बऱ्याचशा जागा स्वतःच्या, त्यामुळे भाड्याचा बोजा नाही. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा.

आता परत आलेली माणसं हमखास फसतात ती ठिकाणं.

एमआरपीवर किती सूट, हे बघून खरेदी करू नका. एमआरपी म्हणजे यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, एवढाच अर्थ. ती कंपनीनेच छापलेली असते, त्यामुळे 'चाळीस टक्के सूट' छापणं कुणालाही जमतं. त्याऐवजी पाकिटावर एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात एका ग्रॅमचा किंवा किलोचा भाव दिलेला असतो, तो वाचा. किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमचा, वरच्यावर किलोचा. चष्मा लागतो, पण मोठं पाकीट स्वस्तच असतं हा समज तिथल्या तिथे उतरतो. बिस्किटं आणि शॅम्पू यांत तर छोटं पाकीट स्वस्त पडल्याचं मी बऱ्याचदा पाहिलंय.

तेल घेताना लिटर की किलो ते बघा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. त्यामुळे १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी ठेवले तर त्यांत जवळजवळ दीड लिटरचा फरक असतो. डबे दिसायला सारखेच. ८००–८५० ग्रॅमच्या पिशव्याही लिटरच्या पिशवीसारख्याच दिसतात.

तांदळाचं वेगळंच आहे. २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या तांदूळ-डाळ-पिठावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या कट्ट्यावर नाही. म्हणून बाजारात २६ किलोचे कट्टे दिसायला लागले. कट्टाच घ्यायचा तर २५ चा कशाला?

वाशीच्या दाणाबंदरात जायची हौस असेल तर जरूर जा, पण तिथला व्यापारी गोणीच्या हिशेबाने बोलतो. दोन किलो मूग मागितले तर तुमच्याकडे बघणारही नाही.

---

प्रेषक: पार्लेकर काकू

अरे पवईकरा,

सभासद होऊन घाऊक भावात सामान मिळेल का म्हणून विचारतोस? तुझ्या आईला विचारायचं होतंस, ती नक्की हसली असती. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करतेय. स्थापनेच्या वेळी ग्राहक चळवळीतल्या बिंदुमाधव जोशींबरोबर आपले बाबूजी, सुधीर फडके, होते. गाण्यांच्या कार्यक्रमांतून वेळ काढून हा माणूस डाळ-तांदळाच्या भावाकडे बघायचा, हे आमच्या पिढीला फार कौतुकाचं वाटायचं.

पद्धत अशी. इमारतीतल्या, गल्लीतल्या घरांनी मिळून एक संघ करायचा. दर महिन्याला प्रत्येकाने आपली यादी भरायची, सगळ्यांची मागणी एकत्र जाते. ठरलेल्या दिवशी माल एका घरी उतरतो आणि सभासद आपापसात वाटून घेतात. दुकान नाही, काचा नाहीत, नोकर नाहीत. तो खर्च वाचतो, तो तुझा. कटकट म्हणशील तर वाटपाच्या दिवशी कुणाला तरी घरी थांबावं लागतं, आणि यादी आधी भरावी लागते. 'रात्री लहर आली, मागवलं' असं चालत नाही. तुमच्या पिढीला जड जातं ते हेच. पण यादी आधी करायला लागली की निम्मी फालतू खरेदी आपोआप गळते, आणि मला विचारशील तर खरी बचत तिथेच आहे. भावातला फरक त्यानंतर.

तुमच्या सोसायटीत संघ नसेल तर जवळपास कुठे आहे ते पंचायतीत चौकशी करून बघ. आणि १९४८ साली नायगावला कामगारांनी काढलेलं अपना बाजार अजून आहे. तिथेही एक फेरी मार.

आता साठवणीचं. एडिसनला तुझं तळघर होतं, गॅरेज होतं, वर दुसरा फ्रीझर. इथे पलंगाखालचा खण आणि माळा. त्यात जून ते सप्टेंबर हवेत इतकं पाणी की मिठाची बरणी उघडी राहिली तर सकाळी चमचा रुतून बसतो. स्वस्तात घेतलेल्या दहा किलो रव्यात ऑगस्टमध्ये अळ्या झाल्या तर तो रवा महागच पडला. म्हणून मी तीन भाग करते. तांदूळ, तूरडाळ, गहू, लाल तिखट, हळद: हे वर्षाचं किंवा सहा महिन्यांचं, एप्रिल-मेमध्ये, ऊन आहे तोवर. साखर, साबण, टूथपेस्ट, फिनेल: हे कधीही, मोठंच घ्यावं. रवा, मैदा, बेसन, पोहे, दाणे, खोबरं: महिन्यापुरतंच, मग कितीही स्वस्त मिळो. दाणे आणि खोबरं खवट होतं, पिठात पोरकिडे होतात. शेंगदाण्याच्या तेलाचा डबाही चार माणसांच्या घरात फोडू नये. शेवटची दोन किलो वास मारतात.

तूरडाळीला एरंडेल लावतात हे ऐकलं असशील, करताना पाहिलंयस का? कडकडीत उन्हात दिवसभर डाळ वाळवायची, संध्याकाळी पूर्ण गार होऊ द्यायची. जुन्या चादरीवर पसरून दहा किलोला छोटी वाटीभर एरंडेल, तळव्यांना लावून लावून चोळायचं. डाळ चकचकीत दिसली पाहिजे, हाताला ओली लागता कामा नये. ओली लागली तर तेल जास्त झालं, मग आणखी डाळ मिसळायची. डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. गरम डाळ डब्यात भरलीस तर आत घाम धरतो आणि सगळी मेहनत वाया. शिजवताना दोन पाण्यांनी धुतली की एरंडेलाचा वास राहत नाही. तांदळाला बोरिक पावडर लावणारे आहेत. मी बिब्बे टाकते. हात लावताना जपून, उततं.

तिखटासाठी मे संपायच्या आत लालबागला जा. मिरच्या समोर निवडून, डंकावर कुटून घेतलेलं तिखट आणि पाकिटातलं तिखट यांत भावापेक्षा रंगाचा फरक जास्त आहे. चिवड्याच्या दुकानात रेंगाळू नकोस, हिशेब बिघडतो.

भाऊ बदाम आणेल, त्याला आधीच नाही म्हण. सगळेच आणतात.

---

प्रेषक: एडिसनकर ताई

काकूंनी बदामाचं सांगून माझं काम सोपं केलं. कॅलिफोर्नियाचे बदाम भारतात ढिगाने जातात, मस्जिद बंदरला किंवा वाशीच्या मसाला मार्केटला तेच मिळतात. त्यासाठी विमानातलं वजन घालवू नका. ॲलर्जीच्या गोळ्यांची मोठी बाटलीही लोक हौसेने नेतात. ती निव्वळ सेटिरिझिन आहे, तुमच्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे पट्टी किरकोळ पैशांत मिळते. मिक्सर, एअर फ्रायर वगैरे नकोच, इथलं १२० व्होल्टचं यंत्र तिथे २३० वर लावलंत तर धूर निघेल. चादरी घेताना माप बघा: इथली क्वीन तिथल्या पलंगाला साधारण बसते, किंग सैल होते, कारण इथली किंग गादी ७६ इंच रुंद असते आणि तिथली बहुधा ७२.

मागवायचंच तर मेपल सिरप, सुकवलेल्या ब्लूबेरी, व्हॅनिला अर्क, आणि सरकत्या कटरचा तो क्लिंग रॅपचा भला मोठा रोल. भाऊ वजनाची कुरकूर करणार नाही.

इथे नव्याने आलेली कुटुंबंही ही यादी वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. कॉस्टको ठरावीक नफ्याच्या वर जात नाही. ब्रँडच्या मालावर साधारण १४ टक्के, स्वतःच्या कर्कलंड या ब्रँडवर १५. दुकानात जेमतेम ४,००० प्रकार, साध्या सुपरमार्केटमध्ये त्याच्या कितीतरी पट असतात. त्यांची खरी कमाई वर्गणीतून होते. सप्टेंबर २०२४ पासून साधं कार्ड ६५ डॉलर, एक्झिक्युटिव्ह १३०. वरच्या कार्डावर २ टक्के परत मिळतात, तेव्हा जास्तीचे ६५ वसूल व्हायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी हवी, म्हणजे महिन्याला २७० च्या आसपास. पेट्रोल त्यात धरत नाहीत. दोघांचाच संसार असेल तर साधं कार्ड पुरतं. त्याच पत्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला कार्ड फुकट मिळतं, सासूबाई सहा महिने आल्या असतील तर त्यांच्या नावाने घेऊ नका, नवऱ्याच्या नावाने घ्या. (सासूबाई रोज जाऊ म्हणतील.)

भावाच्या पाटीवर शेवटी .९७ असेल तर तो उतरवलेला भाव. पाटीच्या वरच्या कोपऱ्यात चांदणी असेल तर तो माल पुन्हा येणार नाही. दोन्ही एकत्र दिसलं तर विचार करत उभ्या राहू नका. घेतलेल्या वस्तूचा भाव ३० दिवसांत उतरला तर फरक परत मागता येतो.

आणि बिनमिठाचं लोणी. चार पौंडांच्या खोक्यात किमान ८० टक्के स्निग्धांश असतो, कढवलं की १,४०० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर. तडतडणं थांबून बारीक फेस वर आला की गॅस बंद. इथे तयार तूप विकत घेणारं मराठी घर मला तरी माहीत नाही.

---

प्रेषक: पार्लेकर काकू

ताई, विड्याचं पान टाकत जा त्यात उतरवताना, रवाळ होतं. पवईकरा, तू मात्र लोणी मागवू नकोस. इथे चांगलं मिळतं, आणि सप्टेंबर २०२५ पासून तूप-लोण्यावरचा जीएसटी १२ चा ५ झालाय. साबण, शॅम्पू, टूथपेस्टवरचा तर १८ चा ५. घरातला जुना साठा संपला असेल तर नवीन एमआरपी बघूनच घे.

---

प्रेषक: पवईकर

काकू, ताई, ठाणेकर, मनापासून आभार. भावाला मेपल सिरप आणि क्लिंग रॅप कळवलं. बदाम त्याने आधीच घेतलेत.

आमच्या इमारतीत पंचायतीचा संघ नाही. खाली नोटीस लावली, पाच घरं तयार झाली आहेत, आणखी मिळवतोय. तोवर एक करतो. मे महिन्यात जुन्या वाडा कोलमचे ३० किलोचे दोन कट्टे घ्यायचा विचार आहे. आमच्या घरी एक कट्टा वर्षभर पुरेल, दुसऱ्याला वाटेकरी हवेत. पवई, भांडुप, मुलुंडपैकी कुणाला पाच-दहा किलो हवे असतील तर कळवा. नवा तांदूळ गिचका होतो म्हणून जुनाच घेणार. कुणाला इंद्रायणी हवा असेल तर वेगळा संघ काढा.

---

प्रेषक: मुलुंडकर

माझे दहा किलो धरा. ताणकाटा माझ्याकडे आहे, गच्चीची किल्लीही. फक्त शनिवार नको, पाण्याच्या टाक्या धुवायच्या आहेत.

---

प्रेषक: ठाणेकर

माझेही पाच. आणि कट्टा उघडायच्या आधी वजन करा, नंतर नव्हे.