ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत विजेता नेमका कसा ठरतो?

प्रश्न

फ्रान्समधील ले मान्सची मोटारशर्यत मी नुकतीच प्रथमच सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. साठेक गाड्या एकाच वेळी धावत होत्या, त्यांच्या वेगांत मोठी तफावत होती आणि दर काही वेळाने चालकही बदलत होते. अशा गर्दीत विजेता कशावरून ठरवतात? शिवाय १९६६ साली दोन फोर्ड गाड्या बरोबरीने आल्या तरी एकच विजयी ठरली, आणि २०१६ साली शेवटपर्यंत आघाडीवर असलेल्या टोयोटाला निकालात स्थानच मिळाले नाही, असे वाचले. यामागचा नियम कोणी समजावून सांगू शकेल का?

प्रतिसाद १

बहुतेक शर्यतींत अंतर ठरलेले असते आणि वेळ मोजतात. इथे वेळ ठरलेली आहे आणि अंतर मोजतात, एवढे लक्षात घेतले की बराच उलगडा होतो. १९२३ पासून चालत आलेल्या या शर्यतीचा मार्ग १३.६२६ किलोमीटरचा असून त्याचा बराचसा भाग एरवी वाहतुकीसाठी खुला असणारा रस्ता आहे. २४ तासांत ज्या गाडीच्या फेऱ्या सर्वाधिक, ती विजेती. २०१० मध्ये ऑडीने ३९७ फेऱ्या, म्हणजे ५,४१० किलोमीटरहून अधिक अंतर कापले होते. हायपरकार (सर्वांत वेगवान), एलएमपी२ (शर्यतीसाठीच बनवलेल्या, पण थोड्या कमी वेगाच्या गाड्या) आणि एलएमजीटी३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवर आधारित) हे तीन वर्ग एकत्र धावत असले तरी प्रत्येकाचा विजेता वेगळा असतो, त्यामुळे मागे पडलेली दिसणारी गाडी आपल्या वर्गात पहिली असू शकते.

प्रतिसाद २

आपण दिलेली दोन्ही उदाहरणे याच तत्त्वातून निघतात. १९६६ साली गाड्या रस्त्याच्या कडेला तिरप्या उभ्या करून ठेवत आणि चालक समोरून धावत येऊन त्यांत बसत. साहजिकच रांगेत मागे असलेल्या गाडीला अंतिम रेषेपर्यंत थोडे जास्त अंतर कापावे लागे. छायाचित्रासाठी फोर्डच्या गाड्या जवळजवळ बरोबरीने आणल्या गेल्या. पण मॅक्लारेन आणि अमॉन या चालकांची गाडी सुरुवातीला अधिक मागे उभी होती, म्हणून कापलेले अंतर तिचे जास्त ठरले. दुसऱ्या फोर्डचे चालक माइल्स आणि हल्म यांच्यावर हा अन्यायच झाला असे मला वाटते, कारण माइल्सने आघाडी सोडून वेग कमी केला होता. परंतु अंतर हाच निकष मानला तर निकाल चुकीचा म्हणता येत नाही.

२०१६ ची हकिगत अधिक क्लेशदायक आहे. जेमतेम तीन मिनिटे उरली असताना चालक नाकाजिमाची टोयोटा शक्ती गमावून सुरुवातीच्या रेषेजवळ थांबली आणि पोर्शे पुढे निघून गेली. टोयोटाने रडतखडत शेवटची फेरी पूर्ण केली, मात्र त्या फेरीसाठी सहा मिनिटांची मर्यादा होती. ती ओलांडल्याने गाडी निकालातूनच बाद झाली.

प्रतिसाद ३

चालकांबद्दल थोडी भर घालतो. एका गाडीला सहसा तीन चालक असतात. सहा तासांच्या कोणत्याही अवधीत एकाला चार तासांपेक्षा जास्त आणि एकूण १४ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. हायपरकारला सुमारे पाऊण तासाने इंधन लागते. टायर मात्र दर वेळी बदलत नाहीत, कारण पिटमधला (इंधन-टायरसाठी गाडी थांबते त्या जागेतला) प्रत्येक सेकंद अंतरातूनच वजा होतो.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मग २४ तास पूर्ण होताच गाड्या जागच्या जागी थांबतात का?

प्रतिसाद २

नाही. वेळ संपल्यावर आघाडीची गाडी रेषा ओलांडते तेव्हा झेंडा पडतो. ती काही सेकंद आधी रेषेवर पोहोचली, तर तिला आणखी १३.६ किलोमीटर धावावे लागते. म्हणूनच आघाडी भक्कम असेल तर चालक शेवटच्या फेरीत मुद्दाम संथ होतो. आपल्याला तो दमला आहे असे वाटते, पण तो घड्याळ पाहत असतो.